घर धरून २५ पट झाले, मग थांबू का?

पत्र :

मी ४१ वर्षांची आहे, नवरा ४४ चा. दोघंही नोकरी करतो. मुलगी १३ वर्षांची. कर्ज काही नाही. रकमा लिहायला संकोच वाटतो, म्हणून आमचा वर्षाचा खर्च १०० धरते आणि बाकीचं त्या मापात सांगते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार २००, त्यातला माझा ९०. ठेवी आणि गुंतवणूक मिळून १८००. राहतं घर आजच्या भावानं ७००. गेल्या तीन वर्षांत आम्ही ८५, ७८ आणि ७७ बाजूला टाकले. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला आजच्या भावानं १५० लागतील असा अंदाज आहे.

वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठले की नोकरी सोडता येते, असं मी सगळीकडे वाचते. घर धरून आमचे २५ पट आजच झालेत. मला ४५ व्या वर्षी थांबायचंय. नवरा म्हणतो, अजून दहा वर्षं तरी नाही. हा विषय निघाला की बोलणं भांडणावरच संपतं. रविवारची संध्याकाळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्यात बरोबर कोण, ते तुम्ही सांगा.

उत्तर :

ताई, तुम्ही रकमा न लिहिता मापं लिहिलीत, ते छान केलंत. या हिशेबात रक्कम किती याला अर्थ नसतोच. कमी खर्चात राहणाऱ्याला थोडी पुंजी पुरते, मोठ्या खर्चाच्या माणसाला मोठीही पुरत नाही. साठवलेल्याला खर्चानं भागून जे येतं, तेवढंच खरं. आणि म्हणूनच मी आधी त्या भागाकारातल्या खालच्या आकड्याकडे पाहिलं. तुमचे १०० मला पटले नाहीत.

त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. पगार २०० आणि खर्च १०० असेल, तर दरवर्षी १०० शिल्लक पडायला हवेत. तुम्ही टाकलेत ८५, ७८ आणि ७७. सरासरी ८०. मग वर्षाला २० गेले कुठे? ते हरवलेले नाहीत, खर्च झालेत. महिन्याच्या खर्चाला १२ ने गुणून तुम्ही १०० काढलेत, असा माझा अंदाज आहे. महिन्याच्या यादीत न येणाऱ्या गोष्टी त्यात येतच नाहीत : गळकं छप्पर, बंद पडलेलं यंत्र, गाडी बदलणं, कुणाच्या आजारपणात केलेली मदत, वर्षातून एकदा भरायचे हप्ते. मी स्वतः पहिल्यांदा असा हिशेब मांडला तेव्हा दातांचा खर्च विसरले होते. दुसऱ्या वर्षी चष्मा आणि गुडघा. प्रत्येक वेळी वाटायचं, हे काय, एकदाच झालं. पण दर वर्षी काही ना काही ‘एकदाच’ होतं, आणि त्या सगळ्याची बेरीज दर वर्षी जवळपास तेवढीच येते.

म्हणून खर्च यादीवरून काढू नका, वजाबाकीनं काढा. वर्षभरात हातात किती आले, त्यातून नव्यानं किती बाजूला पडले, उरलेला सगळा खर्च. गुंतवणुकीची आपोआप झालेली वाढ ‘बाजूला टाकले’ यात धरायची नाही. किमान तीन वर्षांची सरासरी घ्यायची. तुमचा आजचा खर्च १२० आहे.

आता थांबल्यानंतरचा खर्च. तो आजच्यासारखाच राहणार नाही. समजा, या १२० मध्ये मुलीच्या शाळेचे १५ आहेत, ते कायमचे नाहीत. कामाशी जोडलेला खर्च, म्हणजे रोजचा प्रवास, कामासाठीचे कपडे, थकून आल्यावर विकत घेतलेली सोय, साधारण १० धरू, तोही जाईल. पण नोकरीबरोबर मिळणारं वैद्यकीय विम्याचं छत्रही जाईल आणि तो हप्ता स्वतः भरावा लागेल. गुंतवणुकीतून काढलेल्या पैशावर कर लागू शकतो, आणि करही खर्चच. शिवाय सात दिवसांचे सात दिवस मोकळे असले की फिरणं, शिकणं, घर दुरुस्त करणं यांवर पैसे जातात. यांचे १५ वाढवते. १२० मधून २५ गेले, १५ आले, ११० राहिले. हे १५, १० आणि १५ माझे अंदाज आहेत, तुमचे खरे आकडे तुम्ही घाला. पुढचा सगळा हिशेब मी ११० वर करते.

घराबद्दल. राहतं घर २५ पटीत धरायचं नाही. घराचा फायदा तुम्ही एकदा घेतलाच आहे : तुमच्या खर्चात भाडं नाही, म्हणून तो खर्च एवढा कमी आहे. आता तेच घर पुंजीतही मोजलंत तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होतं. स्वयंपाकघर विकून महिन्याचा खर्च भागवता येत नाही. पुढे लहान घरात जायचं नक्की असेल, तर दोन घरांच्या किमतीतला फरक, खरेदी-विक्रीचा खर्च वजा करून, तेवढा धरा. तसं नक्की नसेल तर शून्य.

मुलीच्या शिक्षणाचे १५० आजच वेगळे काढा. ते पैसे पाच वर्षांनी लागायला सुरुवात होणार आणि चार-पाच वर्षांत संपणार. पन्नास वर्षं पुरवायच्या गंगाजळीत ते मिसळले की दोन्हीकडे चूक होते : पुंजी मोठी दिसते आणि शिक्षणाची वेळ येते तेव्हा नेमका बाजार पडलेला असला तर मुदलाला हात लागतो.

म्हणजे १८०० मधून १५० गेले, १६५० राहिले. भागिले ११०. पंधरा पट.

२५ वरून १५ वर आलेलं पाहून वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. पण हा आकडा तुम्हाला कामाच्या दिवसांत कळला, काम सोडल्यानंतर सहाव्या वर्षी नाही. आणि ४१ व्या वर्षी खऱ्या खर्चाच्या पंधरा पट, कर्ज नाही, पगारातले १०० तले ४० बाजूला पडतात, ही मजबूत स्थिती आहे. तुमच्या दोघांचं कौतुक करावंसं वाटतं.

आता हे २५ आलं कुठून ते पाहू, कारण त्यात एक अट दडलेली आहे. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी १९२६ पासूनचे तिथले शेअर, रोखे आणि महागाई यांचे आकडे घेतले आणि विचारलं : निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले किती टक्के काढले आणि पुढे ती रक्कम फक्त महागाईइतकी वाढवत नेली, तर कुठल्याही वर्षी निवृत्त झालेल्या माणसाचे पैसे किमान ३० वर्षं पुरले असते? उत्तर साधारण ४ टक्के निघालं. शंभराला चारानं भागलं की २५. पुढे १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी त्याच धर्तीचा अभ्यास केला आणि हा आकडा जगभर पसरला.

यात दडलेली अट म्हणजे ती ३० वर्षं. ६५ व्या वर्षी थांबणाऱ्यासाठी ते माप ठीक आहे. तुम्ही ४५ ला थांबलात तर ९५ पर्यंतची तरतूद करायची, म्हणजे ५० वर्षं. दुसरं, ते आकडे एका देशाचे, आणि तोही विसाव्या शतकात भरभराटीला आलेला देश. निवृत्तीच्या नियोजनाचे अभ्यासक वेड फाऊ यांनी २०१० मध्ये १७ विकसित देशांचे आकडे त्याच पद्धतीनं तपासले. ४ टक्के फक्त चार देशांत सुरक्षित ठरले. जपानचा शेअर निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, ती उंची पुन्हा ओलांडायला त्याला २०२४ उजाडावं लागलं. दुसऱ्या बाजूनं हेही सांगायला हवं की बेंगेन यांनी पुढे वेगवेगळ्या प्रकारचे शेअर मिसळून तोच हिशेब केला तेव्हा त्यांचा स्वतःचा आकडा साडेचार टक्क्यांपर्यंत वर गेला. म्हणून २५ हे खूण म्हणून वापरा, दगडावरची रेघ म्हणून नको.

किती पट किती वर्षं पुरतात, हे महागाई वजा जाता हाती काय राहतं यावर ठरतं. गुंतवणूक ९ टक्क्यांनी वाढली आणि महागाई ६ टक्के असली, तर खरी वाढ तीन टक्क्यांहून थोडी कमी, २.८. तुमचा हिशेब नेहमी याच खऱ्या वाढीवर करा. मग सगळे आकडे आजच्या पैशात राहतात आणि ‘तीस वर्षांनी किती लागतील’ या भीतिदायक मोठ्या रकमांशी झुंजावं लागत नाही. ती भीती खोटी नसते. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. ४५ ते ८१ या ३६ वर्षांत आठपट. पण खऱ्या वाढीवर मांडलं की ते आत धरलं जातं.

खरी वाढ ३ टक्के असेल तर २० पट साधारण ३१ वर्षं पुरतात, २५ पट ४७ वर्षं, ३० पट ७८ वर्षं. २ टक्के असेल तर तेच २० पट २६ वर्षं, २५ पट ३५ वर्षं, ३० पट ४६ वर्षं. एक टक्क्यानं २५ पटीची १२ वर्षं खाल्ली! आणि हा एक टक्का काही दूरच्या संकटात जात नाही. गुंतवणूक सांभाळण्याचं शुल्क म्हणून तो दर वर्षी गुपचूप कापला जात असतो. तुम्ही ज्यात पैसे ठेवलेत त्याचं वार्षिक शुल्क किती आहे, ते आजच बघा. लवकर थांबू पाहणाऱ्यासाठी त्याइतकी किफायतशीर अर्ध्या तासाची मेहनत दुसरी नाही.

माझं मत विचाराल, तर ४५ ला पूर्ण थांबायचं आणि नंतर एक पैसाही कमवायचा नाही, असं असेल तर ३० ते ३३ पट हवेत. पन्नाशीनंतर थांबायचं असेल तर २८ ते ३०. साठीनंतर सरकारी किंवा नोकरीतलं निवृत्तिवेतन सुरू होणार असेल तर ते या आकड्यातून वजा करता येतं, पण ते महागाईबरोबर वाढतं की नाही, हे आधी पाहा. न वाढणारं वेतन वीस वर्षांत खूप लहान होतं.

पण हे सगळं मांडूनही मी सरासरीच्याच गोष्टी करतेय, आणि लवकर थांबणाऱ्याला सरासरी फसवते. याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तुमच्या भांडणाची गाठ मला इथेच सुटताना दिसते.

दोन माणसं घ्या. दोघांकडे २५००, दोघंही वर्षाच्या सुरुवातीला १०० काढतात. पहिल्याच्या वाट्याला महागाई वजा जाता अशी सहा वर्षं येतात : उणे २०, उणे १०, शून्य, मग १०, १५, १५ टक्के वाढ. दुसऱ्याला नेमकी हीच सहा वर्षं उलट्या क्रमानं येतात, चांगली आधी, वाईट शेवटी. दोघांनी पैशाला हातच लावला नसता तर सहा वर्षांनी दोघांकडे सारखेच २६१९ असते. पण १०० काढत राहिल्यावर पहिल्याकडे १८४५ उरतात आणि दुसऱ्याकडे २१२०. बाजार तोच, खर्च तोच, तरी पावणेतीन वर्षांच्या खर्चाचा फरक. पहिल्यानं पडत्या भावात विकून खर्च भागवला, आणि विकलेला भाग पुढच्या चांगल्या वर्षांत वाढायला हातात राहिला नाही. तीन वर्षांनंतर तर त्याच्याकडे फक्त १५३८ होते. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का? पुढची वर्षं चांगली येणार हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हणजे लवकर निवृत्तीचा धोका पन्नास वर्षांवर सारखा पसरलेला नाही. तो पहिल्या आठ-दहा वर्षांत दाटलेला आहे. ती वर्षं सांभाळली की पुढचं बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

आणि ती सांभाळायला किती लागतं? याच पहिल्या माणसानं त्या तीन वाईट वर्षांत थोडं काम करून ५० मिळवले असते आणि पुंजीतून फक्त ५० काढले असते, तर सहा वर्षांनी त्याच्याकडे १८४५ ऐवजी २०३५ असते. कमाई १५० ची, फरक १९० चा. नशीबवान दुसऱ्याच्या तो जवळपास पोहोचतो.

म्हणून मी २५ की ३० यावर वाद घालत बसणार नाही. मी तुम्हाला विचारेन, खर्चातलं किती वाकतं? ११० चे दोन भाग करा. एक अटळ : जेवण, वीज, औषधं, विमा, घराची देखभाल. दुसरा ऐच्छिक : प्रवास, समारंभ, हौस, नवी वस्तू. समजा अटळ ७५ आणि ऐच्छिक ३५. मग ज्याच्याकडे २२०० आहेत, त्याच्याकडे पूर्ण खर्चाच्या २० पट असले तरी अटळ खर्चाच्या २९ पट आहेत. वाईट वर्षी तो हात आखडता घेऊ शकतो. ज्याचे ११० च्या ११० अटळ आहेत, त्याला तेच २२०० अपुरे आहेत. दोन घरांची पुंजी एकच, खर्च एकच, आणि तरी एक सुरक्षित आणि दुसरं नाही. मात्र अटळ-ऐच्छिक ठरवताना दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग कागद बदला. एकाचं ऐच्छिक दुसऱ्याचं अटळ असतं, आणि ते नोकरी सोडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

खर्चाचं आणखी एक बळ आहे, ते लोक विसरतात. आजपासून वर्षाला १० खर्च कमी केलात, तर शिल्लक १० नं वाढते आणि त्याच वेळी गाठायचं शिखरही २५० नं खाली येतं. खरी वाढ ३ टक्के धरून, २५ पटींना पोहोचायला आज तुम्हाला साडेसात वर्षांहून थोडे जास्त लागतील. खर्च १० नं कायमचा घटवला तर साधारण पावणेसहा वर्षं. आणि खर्च तोच ठेवून पगार १० नं वाढला तर? सात वर्षांहून थोडे जास्त. एकीकडे दोन वर्षं वाचतात, दुसरीकडे फक्त सहा महिने. पगारवाढीसाठी स्वतःला पिळून घेण्याआधी ही तुलना डोळ्यांसमोर ठेवा. पण मन मारून केलेली कपात टिकत नाही. जो खर्च गेला तरी आठवण येत नाही, तोच कापायचा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पगार महागाईइतकेच वाढतील आणि गुंतवणुकीची खरी वाढ ३ टक्के राहील असं धरते.

तुम्ही ४५ च्या व्हाल तेव्हा पुंजी साधारण २१९० असेल. वीस पटींच्या थोडी खाली. तेव्हा दोघांनीही पूर्ण थांबायचं म्हटलं, तर मी नको म्हणेन. सरासरी वाढ मिळाली तर ती ३१ वर्षं पुरेल, म्हणजे तुमच्या ७६ पर्यंत, आणि सुरुवातीची वर्षं वाईट आली तर त्याहून बरीच कमी. ७६ व्या वर्षी पुन्हा नोकरी शोधता येत नाही. इथे तुमच्या नवऱ्याची काळजी खरी आहे.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोघंही दहा वर्षं पूर्ण काम करत राहिलात तर ३१३५ जमतील, साडेअठ्ठावीस पट. तुम्ही ५१ च्या, ते ५४ चे. तेव्हा थांबायला माझी हरकत नसेल.

पण मधे दोन वाटा आहेत, आणि त्यांचा हिशेब तुम्ही दोघांनी केलेला दिसत नाही. पहिली : तुम्ही ४५ ला अर्धवेळ काम घेता, ४५ मिळवता, ते नोकरी चालू ठेवतात. मग वर्षाला ३५ शिल्लक पडतात. आजपासून दहा वर्षांनी पुंजी साधारण २८४५, जवळपास २६ पट. दुसरी : तुम्ही ४५ ला पूर्ण थांबता, ते पुढची सहा वर्षं काम करतात. त्यांचे ११० येतात, घरचा खर्च १२०, वर्षाला १० पुंजीतून जातात. तरी दहा वर्षांच्या शेवटी साधारण २५५०. तेवीस पटींहून थोडे जास्त. मुलीच्या शाळेचे १५ थांबले की हे सगळेच आकडे थोडे वर सरकतील.

साडेअठ्ठावीस, सव्वीस, तेवीस. तुमच्या घरातलं भांडण एवढ्या अंतराचं आहे. आणि बघा, तुम्ही एकट्या थांबलात तर पुंजी कोसळत नाही, फक्त हळू वाढते. कारण चार वर्षांनी तुमच्या पगारापेक्षा त्या पुंजीची वाढ आणि त्यांचा पगार मिळून घर ओढत असतील. ही गोष्ट त्यांना कागदावर दाखवा. त्यांना बहुधा असं वाटतंय की तुम्ही थांबलात की सगळा डोलारा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर येईल. ती भीती बोलून दाखवणं सोपं नसतं, म्हणून ‘दहा वर्षं’ असा आकडा तोंडी येतो. आणि हेही त्यांना स्पष्ट विचारा की तुम्ही घरी आणि ते कामावर, अशी सहा वर्षं त्यांना मनापासून चालतील का. नुसतं ‘हो’ म्हणून मनात ठेवलेला हिशेब कुठल्याही पटीनं भरून निघत नाही.

माझा कौल पहिल्या वाटेला आहे. ४५ ला अर्धवेळ. त्यात वैद्यकीय छत्र त्यांच्या नोकरीतून चालू राहतं, धोक्याची पहिली वर्षं दोघांच्या कमाईनं झाकली जातात, मुलीच्या बारावीनंतरच्या धावपळीत घरात एक माणूस मोकळं असतं, आणि पुढे काही बिनसलं तर अर्धवेळचं पूर्णवेळ करणं हे कोरी पाटी घेऊन बाहेर पडण्यापेक्षा खूप सोपं असतं. मग ५१ ला सव्वीस पट हातात असतील तेव्हा दोघंही एकदम थांबण्याऐवजी आळीपाळीनं कमी करा. त्या वयात दोघं मिळून वर्षाला ३०-४० जरी मिळवलेत, तरी पुंजीतून काढायची रक्कम अडीच-तीन टक्क्यांवर येते, आणि तिथे मला चिंता वाटत नाही.

थांबायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत एक तयारी हवी : दोन ते तीन वर्षांचा अटळ खर्च शेअरमधून काढून सुरक्षित ठेवींत आणून ठेवा. बाजार पडला की त्यातून खायचं, विकायचं नाही. त्यावर व्याज कमी मिळेल, ते मिळू द्या. सगळीच पुंजी मात्र ठेवींत नेऊ नका. चाळीस-पन्नास वर्षांच्या महागाईला नुसत्या ठेवी पुऱ्या पडत नाहीत.

राहिली ती रविवारची संध्याकाळ. चार वर्षं ही काही थोडी नाहीत. पोटातला तो गोळा कामाचा आहे, की त्या एका ठिकाणाचा, की तिथल्या एखाद्या माणसाचा, हे स्वतःशी नीट पाहा. तो जागेचा असेल, तर कमी पगाराची पण माणूस म्हणून जगू देणारी नोकरी आजच शोधायला लागा. तुमचा पगार ९० वरून ७५ झाला तरी ४५ व्या वर्षी पुंजी साधारण २१३० असेल. चार वर्षं दर आठवड्याला तो गोळा सहन करून वाचणारे ६० मला महाग वाटतात. आणि तो खरंच थकव्याचा असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जायला निवृत्तीची वाट पाहू नका.

तुमच्या कामाच्या ठिकाणी बिनपगारी रजा मिळत असेल, तर यंदाच दोन-तीन महिन्यांची घ्या. त्या काळात घर ११० च्या मापानं चालवून बघा, ऐच्छिक भाग थोडा दाबूनही बघा. खर्चाचा माझा अंदाज कुठे चुकला ते तिथेच कळेल, आणि मोकळा मंगळवार तुम्हाला कसा वाटतो तेही. ते आकडे मला पाठवा, दोघांच्या अटळ-ऐच्छिकच्या याद्यांसह. मी १२० आणि ११० खोडून तुमचे खरे आकडे घालून हा हिशेब पुन्हा मांडून देईन.